गुळाच्या गावातील साखर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. या मंडळात आजवर सतरंज्या घातल्या, चहा केला, पण बोलायला कधी उभी राहिले नाही. आज उभी राहिले ती माझ्या पायामुळे.

दोन वर्षांपूर्वी उसाच्या बांधावर माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम काही भरेना. हळद भरली, एका ठिकाणाहून मलम आणले, दीड महिना गेला. तहान अशी की रात्री तांब्या उशाशी, आणि चार-चारदा उठणे. त्याचा पायाशी काही संबंध असेल हे मनातही आले नाही. शेवटी आशाताईंनी बोट टोचून रक्त पाहिले. आकडा आला ३१२. मी चक्क हसले. म्हटले, "यंत्र बिघडलंय तुमचं. माझं वजन चव्वेचाळीस किलो! साखर व्हायची तर आमच्या जाऊबाईंना." हे सुद्धा म्हणाले, "काडीसारखी बाई, तिला कसली साखर?"

त्या हसण्यात आणखी आठ दिवस गेले. दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर पाऊल वाचवणे अवघड होते. त्या रात्री मी रडले, ते मधुमेहासाठी नाही. धाकटीची दहावी व्हायची होती, सासूबाई अंथरुणावर होत्या. पाय गेला तर घर कोणी ओढायचे?

बारीक माणसाला हा रोग होत नाही, ही समजूत आपल्याच भागात खोटी ठरली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मायलेकरांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. तरीही आपल्या किरकोळ बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी कमी नव्हती, कमी होते ते मांस. म्हणजे हातपाय काडीसारखे दिसले तरी चरबी आत असू शकते. त्याच अभ्यासात दिसले की गरोदरपणी पालेभाजी, दूध, फळे वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे जरा भरदार होती. आपण मात्र सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भाकरी खातो आणि पालेभाजी पाहुण्यांना वाढतो!

आता गुळाचे. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळे किती, हे तुम्हांला मी काय सांगावे! मीही म्हणत असे, साखर वाईट, गूळ चालतो. चहात गूळ, भाकरीवर काकवी. पण भगिनींनो, गूळ काय नि साखर काय, एकाच उसाच्या रसाची लेकरे. गुळात लोह थोडे असेल, पण रक्तातली साखर तोही वाढवतोच. भाकरीचेही तेच. चपातीपेक्षा बरी म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग काय? आणि एकादशीचा साबुदाणा! माझा आकडा त्या दिवशी सर्वांत वर जाई. आता मी एकादशीला भगर थोडी आणि ताक जास्त घेते. सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही तेच आवडू लागले.

गुळाला अगदीच हद्दपार केलेले नाही. औषध घेऊन जेवण लांबले, हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर साखर उतरली असे समजावे आणि तत्काळ गुळाचा खडा किंवा साखरपाणी द्यावे. माझ्या कनवटीला खडा असतो. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

पायाचे सांगते, कारण तेच मला महागात पडले. रोज निजताना तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. पाय बधिर झाले की काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, म्हणून शेक घेऊ नका. चप्पल घरातही घाला. मी घालते. पहिल्यांदा घातली तेव्हा स्वयंपाकघरात चप्पल म्हणून केवढे रामायण झाले! शेवटी घरातली वेगळी जोडी आणली, तेव्हा मिटले.

आणि बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी एकदा केली होती. महिनाभर काही वाटले नाही, आणि तपासले तर आकडा २८०.

सकाळी उपाशीपोटी १०० च्या आत साखर असली तर ठीक, १२६ किंवा वर गेली तर पुन्हा तपासून खात्री करायची, मधली असली तर काठावर आहोत असे समजायचे. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. गरोदरपणी ज्यांची साखर वाढली होती त्यांनी तर चुकवूच नये, बाळंतपणानंतर ती उतरली असली तरी.

येत्या मंगळवारी सकाळी सातला आशाताई यंत्र घेऊन मंडळाच्या खोलीत येणार आहेत. चहासुद्धा न घेता या. जाऊबाईंचे नाव मी पहिले लिहिले आहे. तपासणी झाल्यावर सर्वांना मटकीची उसळ माझ्याकडून.