दाणा वाढला, पेंढ्याचं काय?

(धायरी येथील कार्यकर्ता मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आत्ताच पंगतीत आपण जो मऊ, वासाचा भात जेवलो, तो इंद्रायणी. आज मला त्या भाताच्या आईबापांबद्दल बोलायचं आहे. कारण येत्या पावसाळ्यात वाड्यांवर कोणतं बियाणं न्यायचं, हे आपल्याला आज ठरवायचं आहे.

इंद्रायणीची आई आंबेमोहोर. वास सुरेख, पण झाड उंच आणि काड नाजूक. लोंबी भरली आणि वाऱ्यापावसाचा मारा बसला की भात लोळतो, दाणा चिखलात जातो. खत घालावं तर झाड आणखी उंच होतं आणि आणखी लोळतं. बाप आयआर-8. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली आणलेला हा वाण बुटका, ताठ, भरघोस पिकणारा, पण दाण्याने जाड. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात या दोघांचा संकर झाला आणि 1987 साली इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती आली.

आयआर-8चा बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या वाणाकडून आलेला. त्यामागे एकच जनुक आहे, हे 2002 साली उलगडलं. झाडाला उंच करणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करण्यात त्या जनुकाचा हात असतो. बुटक्या वाणात त्याचा एक तुकडा गळालेला आहे. त्यामुळे काड आखूड राहतं आणि झाडाच्या कमाईतला मोठा वाटा दाण्याला मिळतो.

उत्पन्न म्हणजे तरी काय? लोंब्या किती, एका लोंबीत दाणे किती आणि दाण्याचं वजन किती, या तिन्हींचा हिशेब. या प्रत्येकामागे वेगवेगळी जनुकं आहेत. लोंबीतले दाणे वाढवणारं एक जनुक 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. 2010 साली आणखी एका जनुकाचं काम समजलं. त्याच्या एका रूपामुळे काड जाड होतं, लोंबी मोठी होते, पण फुटवे कमी येतात. म्हणजे एकीकडे मिळतं, तर दुसरीकडे सोडावं लागतं. घरातल्या मिळकतीसारखंच आहे हे. मिळकत तेवढीच असेल, तर एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटणार.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. पण त्याचा अर्थ कळला तो वेल्ह्याकडच्या एका वाडीत. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे एक बुटका वाण वाटला. पहिल्या वर्षी खळ्यावर दाणा वाढलेला दिसला. आम्ही खूश होऊन फोटो काढले. होळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, "दादा, दाणं वाढलं, बरं झालं. पण बैलाच्या तोंडात काय घालू?"

पेंढा निम्म्यावर आला होता. गंजी फाल्गुनातच संपली होती. खोलगट खाचरात, जिथे पाणी तुंबतं, तिथली आखूड रोपं बुडून कुजली होती. दुसऱ्या वर्षी खताला पैसे नव्हते, तर उत्पन्न जुन्या भाताइतकंच आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोवर बहुतेक घरांनी आपलं जुनं बी दळून-कांडून खाल्लं होतं. या आजीने मात्र कणगीच्या तळाशी दोन पायली राखून ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी वाडीचा राब त्या बियाण्यावर झाला. चूक वाणाची नव्हती. आम्ही विचारलं नव्हतं, ही चूक.

आपल्या लोकांना बियाण्यातलं कळत नाही, असं कुणी म्हटलं तर दोन नावं सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम. 1983 साली त्यांना आपल्या शेतात दोन-तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ उभा राहिला. दुसरं नाव अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे. गावरान बियाण्यांची बँक उभी केल्याबद्दल त्यांना पद्मश्री जाहीर झाली, 2020 साली. जनुक हा शब्द न उच्चारताही या दोघांनी जनुकंच सांभाळली.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. बियाण्याची पोती भरण्याआधी वाडीवर जाऊन बसा. जनावरं किती, पेंढा किती लागतो, पाणी कुठे तुंबतं, हे घरातल्या बायकांना विचारा. नवं बी पहिल्या वर्षी एकाच खाचरात लावा, जुन्याच्या शेजारी, आणि दाण्याबरोबर पेंढाही तोला. आणि प्रत्येक वाडीत जुनं बी एका तरी घरात राखलं जाईल, ते दरवर्षी थोडं तरी पेरलं जाईल, याची व्यवस्था करा. कणगीत नुसतं पडून राहिलं तर त्याची उगवण जाते.

ही कामं फार खर्चाची नाहीत. वेळ मात्र लागतो. मृगाआधी प्रत्येक वाडीवर एक फेरी करण्यासाठी जे तयार असतील, त्यांनी आजच नाव द्यावं. पहिलं नाव माझं लिहा.