चिठ्ठी टाकून ठरलेला उपचार



मी डॉक्टर नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात गेले आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तरीही तोंडाच्या कर्करोगावर बोलण्याचा हक्क मी सांगतो. कारण तंबाखूची डबी आपल्याच खिशात आहे आणि मिश्रीही आपल्याच घरात भाजली जाते.

आपल्यात एक समज पक्का बसला आहे की, मोठी रुग्णालये गरिबांवर प्रयोग करतात. या समजाला हसू नये. ज्याला जन्मभर न विचारता राबविले, तो न विचारता कापले जाण्यालाही भिणारच. म्हणून असा प्रयोग म्हणजे काय, ते नीट पाहू.

संशोधन आपल्या दाराशी पूर्वीच येऊन गेले आहे. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूची सवय आणि कर्करोगाआधीचे चट्टे यांचे नाते अशा घरोघरच्या तपासणीतून उलगडले.

दुसरे उदाहरण मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे. तोंडातली गाठ लहान असून मानेत काही लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की पुढे सुजल्या तरच काढाव्यात? यावर जाणत्या डॉक्टरांतही वर्षानुवर्षे वाद होता. तेव्हा डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी संमती देणाऱ्या रुग्णांचे, जणू चिठ्ठी टाकून, दोन गट केले. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली जगापुढे आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० जगले. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा साडेसदुसष्ट. फरक स्पष्ट दिसताच नवे रुग्ण घेणे थांबविले गेले.

कुणी विचारील, माणसाच्या जिवाची चिठ्ठी टाकावी काय? उत्तर माहीत असताना टाकली तर ते पाप होय. पण उत्तर कुणालाच ठाऊक नसेल, तर चिठ्ठीइतका निःपक्षपाती पंच दुसरा नाही. तिच्यापुढे वशिला चालत नाही. अट एकच: रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व समजावे, आणि नाही म्हटले तरी त्याच्या उपचारात कसूर होऊ नये. न वाचता करारावर अंगठा उठवू नका, असे आम्ही सभांतून सांगतो. तोच नियम येथेही लागू आहे.

परंतु या ज्ञानाचा लाभ लवकर पोहोचणाऱ्यालाच होतो. रांजणगावच्या वसाहतीतला कंत्राटी कामगार एका खाड्याच्या भीतीने तोंडातला चट्टा महिनोन्‌महिने लपवितो. केरळात तोंडे नुसती डोळ्यांनी तपासून, तंबाखू वा दारू घेणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ साली सिद्ध झाले. त्याला फार मोठे यंत्र लागत नाही. उजेड, शिकलेली नजर आणि अर्ध्या दिवसाची सुटी लागते.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. कारखानदारांनी तपासणीचा दिवस पगारी धरावा. मग तो कामगार कायम असो वा कंत्राटी. आणि आपण, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही किंवा तोंड पुरते उघडेना, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. पहिल्या मागणीसाठी भांडावे लागेल. त्याला आमची तयारी आहे. दुसरीसाठी मात्र आरसा आणि थोडे धैर्य, एवढेच पुरे आहे.