कागद दोघांना बांधणारा हवा



 घरमालक आणि सरकारी नियम या विषयावर झाशीतल्या या परिषदेत बोलायचे, तर १८५४ साल आठवल्यावाचून राहत नाही. १८१७च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने रामचंद्ररावांच्या वंशाकडे झाशीचे राज्य कायम ठेवण्याचे कबूल केले होते. झाशीचे राजे गंगाधरराव यांनी २० नोव्हेंबर १८५३ला मुलगा दत्तक घेतला, दुसऱ्या दिवशी ते गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. तहाचा अर्थ एकट्या बलवानाने लावला. म्हणून मालमत्तेचा कोणताही नियम समोर आला की मी एकच गोष्ट पाहतो: हा कागद दोघांनाही बांधतो का?

१९०३च्या बुंदेलखंड जमीन हस्तांतरण कायद्याने शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून तिच्या विक्रीवर बंधने घातली. हेतू चांगला होता. पण जी जमीन सहज विकता येत नाही, तिच्यावर कर्ज देताना सावकार हात आखडणारच. रक्षण करताना दुसरे कोणते दार बंद होते, हे कायदा करणाऱ्याने पाहिलेच पाहिजे.

शहरात हेच १९७२च्या उत्तर प्रदेश भाडे नियंत्रण कायद्याने घडले. रिकामी झालेली जागा कोणाला द्यायची, हे जिल्हाधिकारी ठरवू लागले. बेघर होण्याच्या भीतीतून कितीतरी कुटुंबे सुटली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण आमच्या जुन्या वाड्यात भाडे जागच्या जागी राहिले आणि चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी वाढत गेली. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली. वर राहणाऱ्या वृद्ध काकूंना हलवताना त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, भाडे वाढवायला मीच सांगायला हवे होते." वडिलांना उत्तर सुचले नाही. दोष दोघांचाही नव्हता. घराच्या डागडुजीचा विचार कोणत्याच कागदात नव्हता.

मुंबईतही हेच दुखणे होते. तिथली प्रमाणित भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठली होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवले. पुढे महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली.

आपल्या उत्तर प्रदेशाचा २०२१चा भाडे कायदा मला म्हणूनच मोलाचा वाटतो. किरायानामा लेखी हवा. अनामत राहत्या घराला २ महिन्यांच्या, इतर जागेला ६ महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको. वार्षिक वाढ राहत्या घराला ५, इतर जागेला ७ टक्के. भाडेकरूचे पाणी-वीज मालकाने तोडायचे नाही. वाढीचा आकडा दोघांनाही आधीच माहीत असतो, त्यामुळे एकाला छपराचा खर्च मांडता येतो आणि दुसऱ्याला संसाराचा.

हीच कसोटी जमिनीच्या व्यवहारालाही लागते. झाशीलगतच्या ३३ गावांत बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणाची वसाहत होऊ घातली आहे. तिथे जमिनी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: खरेदीआधी खतौनी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, आणि प्राधिकरणाची अधिसूचना स्वतः वाचा. शासनालाही विनंती आहे: शेतकऱ्याला मोबदल्याचा हिशेब त्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्या.

आणि आपण घरमालक? तोंडी व्यवहार करून करार लपवायचा आणि वाद झाला की कायद्याला दोष द्यायचा, हे थांबायला हवे. सरकारने कागद पाळावा असे म्हणण्याचा अधिकार स्वतः कागद पाळणाऱ्यालाच असतो. इथून घरी गेल्यावर आपल्या प्रत्येक भाडेकरूला किरायानाम्याची प्रत आणि दर महिन्याची पावती द्या. वडिलांना त्या पावसाळ्यात जे उत्तर सापडले नाही, ते मला या लेखी कागदात सापडते.