मूकपटातील विनोद आणि वर्गातील पाठ



चार्ली चॅप्लिन यांचा ‘द गोल्ड रश’ हा मूकपट १९२५ सालचा. सोन्याच्या शोधार्थ अलास्काच्या हिमप्रदेशात गेलेला एक भणंग व त्याचा धिप्पाड सोबती वादळामुळे झोपडीत अडकून पडतात. अन्न संपते. सणाच्या दिवशी तो भणंग आपला एक बूट उकळून ताटात वाढतो. चौथीच्या पाठास एवढा प्रसंग पुरेसा आहे. १९४२ साली चॅप्लिन यांनी या चित्रपटास स्वतःच्या आवाजात निवेदन जोडले. ती प्रत मिळाल्यास आवाज बंद ठेवावा.

प्रसंग प्रथम सलग दाखवावा व मुलांना मनमुराद हसू द्यावे. दुसऱ्या वेळी मध्येच थांबवून, त्याने काय केले एवढेच विचारावे. बुटाची नाडी तो काट्याला गुंडाळून शेवयांसारखी खातो, खिळे हाडकांसारखे चोखतो, आणि हे सारे पंक्तीस बसलेल्या सभ्य गृहस्थाच्या गांभीर्याने! हसू येते ते या ऐटीचे. मुलांना हे आपणहून सापडू द्यावे. विनोदाचे स्पष्टीकरण देऊ लागलेल्या शिक्षकापुढे वर्ग हटकून गंभीर होतो.

मग एका मुलाने रिकाम्या हातांनी भाकरी मोडून, कांदा फोडून खावा. इतरांनी पदार्थ ओळखावा. अट एकच, खाणाऱ्याने हसावयाचे नाही. ही अट मोठी कठीण असते. नंतर प्रत्येकाने पाटीवर त्या प्रसंगास शोभणारी चार शब्दांची पाटी-ओळ लिहावी. मूकपटात संवादाऐवजी अशाच ओळी पडद्यावर येत.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. चॅप्लिन यांच्या फेंगड्या चालीची नक्कल करता करता मुले वर्गातील लंगडणाऱ्या सोबत्याची नक्कल करू लागतात. शिक्षकाने हे तत्काळ थांबवावे. चालण्याऐवजी खाण्याचाच अभिनय ठेवणे बरे. दुसरे, वर्गात एखादे मूल सकाळी काही न खाता आलेले असते. त्यास भुकेल्याची भूमिका देऊ नये, आणि “कोण कोण उपाशी राहिले आहे?” असा प्रश्न तर मुळीच विचारू नये. तेच मूल पुष्कळदा आपण होऊन बोलते, तेव्हा ऐकावे.

चित्रीकरणातील बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, हे अगदी शेवटी सांगावे. त्यापूर्वी पुढील प्रसंग दाखवून, त्या भणंगाच्या पायाकडे पाहावयास सांगावे. बूट खाल्लेल्या त्या पायास चिंध्या गुंडाळलेल्या असतात. बहुधा मागच्या बाकावरील एखादे मूल ते प्रथम ओळखते.