पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी



झेरॉक्सच्या दुकानात गर्दीच्या वेळी पाहा. प्रिंट निघाली, पैसे दिले, की पेनड्राइव्ह ओढला आणि खिशात टाकला. बहुतेक वेळा काही बिघडत नाही आणि त्यामुळेच ही सवय पक्की होत जाते.

पेनड्राइव्ह ज्या यूएसबीने संगणकाला जोडतो, ती 1996 साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. चालू संगणकाला उपकरण जोडता यावं आणि काढताही यावं, ही सोय तिच्या रचनेतच आहे. नेहमीच्या चपट्या प्लगमधल्या चार पट्ट्यांपैकी वीज वाहणाऱ्या दोन पट्ट्या किंचित लांब असतात. त्यामुळे जोडताना वीज आधी येते आणि काढताना शेवटी जाते. विजेची काळजी अशी घेतलेली आहे; आतल्या मजकुराची काळजी मात्र आपल्यावर आहे.

फाइल कॉपी करताना पडद्यावरची पट्टी भरते आणि काम झालं असं आपण समजतो. पण संगणकाच्या मेमरीपुढे पेनड्राइव्ह फार संथ. म्हणून पुष्कळदा संगणक मजकूर आधी आपल्या मेमरीत ठेवतो आणि मागाहून पेनड्राइव्हवर उतरवतो. लिनक्सवर हे उतरवणं सुरू व्हायलाच अर्धा मिनिट लागू शकतं. काढण्यापूर्वी संगणकाला 'इजेक्ट' म्हटलं, की उरलेलं सगळं लिहून होतं, मगच संगणक परवानगी देतो.

त्याआधीच ओढून काढलं तर? पेनड्राइव्हवर फाइलींबरोबर एक कोष्टकही असतं: कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याची नोंद. ते लिहिलं जात असताना वीज तुटली, तर केवळ नवी फाइल जात नाही. ज्यांना आज हातही लावला नव्हता असे घरचे जुने फोटोसुद्धा सापडेनासे होऊ शकतात. सगळ्यात वाईट वाटतं ते याचं.

2018च्या अखेरीस विंडोज 10मध्ये एक बदल झाला. बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी मजकूर असा मेमरीत राखून न ठेवण्याची सेटिंग मूळचीच करण्यात आली. तेव्हापासून 'आता इजेक्टची गरज नाही' असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. दुकानातला संगणक जुना असू शकतो, सेटिंग कुणी बदललेली असू शकते, आणि लिहिणं चालू असताना ओढलं तर नवी विंडोजही वाचवू शकत नाही.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कला तर जास्तच जपायला हवं. तिच्यात तबकडी फिरत असते. इजेक्ट केल्यावर ती थांबेपर्यंत काही सेकंद जाऊ द्या, मगच डिस्क उचला.

कधी संगणक सांगतो, उपकरण वापरात आहे. अशा वेळी त्यावरची उघडी फाइल बंद करा, तो प्रोग्रॅमही बंद करा. तरीही ऐकलं नाही, तर संगणक शटडाउन करून पेनड्राइव्ह काढा.

आणि एवढं करूनही कधी पेनड्राइव्ह लावताच 'फॉरमॅट करायचा का?' असा प्रश्न आला, तर घाईने 'हो' म्हणू नका. पुष्कळदा कोष्टक बिघडलेलं असतं, फाइली आत शाबूत असतात. त्यावर नवीन काहीही न लिहिता तो तसाच डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.