दत्ताजीराव गायकवाड : कर्णधारपदाचा एक उन्हाळा



१९५७-५८ साली दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाला नमवून रणजी करंडक जिंकला. पुढच्याच मोसमात वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताला चार कर्णधार लाभले! या धरसोडीनंतर १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याची धुरा दत्ताजीरावांच्या खांद्यावर आली. घडी न बसलेला तो संघ पाचही कसोटी हरला. लॉर्ड्‌सची कसोटी आजारपणामुळे त्यांना खेळता आली नाही. उरलेले चार पराभव मात्र त्यांच्या नावावर कायमचे कोरले गेले. कर्णधारपद गेले; निवडीतील घोळाचे माप एकाच्याच पदरात पडले.

पण त्याच १९५९-६० च्या मोसमात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावांचा डोंगर रचला. पुढे, १९६१ साली, पाकिस्तानविरुद्ध मद्रासला ते अखेरची कसोटी खेळले. पुत्र अंशुमान यांनी भारतातर्फे चाळीस कसोटी खेळून घराण्याचा वारसा चालवला.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, दत्ताजीराव बडोद्यात निवर्तले. इतिहास एका उन्हाळ्यावरून निवाडा देतो. बडोद्याने तरी संपूर्ण डाव पाहूनच धावफलक मांडावा.