नोव्हेंबर १९८९ : ऐकणाऱ्यांचा महिना



काही महिने वर्षांएवढे मोठे असतात. १९८९ चा नोव्हेंबर तसा होता. त्या महिन्यात बर्लिनची भिंत उघडली. बल्गेरियात ३५ वर्षं सत्तेवर असलेले तोदोर झिवकोव्ह पायउतार झाले. चेकोस्लोव्हाकियातली एकपक्षीय राजवट एकही गोळी न सुटता ढासळली. नामिबियात स्वातंत्र्याच्या आधीची निवडणूक झाली. आपल्याकडे लोकसभेसाठी मतदान झालं आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींना त्यात पहिल्यांदाच मत देता आलं. शिवाय १५ तारखेला कराचीत सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर आपली पहिली कसोटी खेळायला उतरला.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. घरात एक ट्रान्झिस्टर होता. सकाळी आकाशवाणी आणि रात्री बीबीसीची हिंदी सेवा. बातम्या चालू असताना कुणी बोललं, तर अब्बा नुसता हात वर करायचे आणि सगळं घर गप्प व्हायचं. त्या महिन्यात तो हात बऱ्याचदा वर झाला.

आज त्या घटना पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांतल्या काही फार मोठ्या घटनांना बोललेल्या शब्दानं वेग दिला. आणि गंमत अशी, की तो शब्द नेहमी खरा होता असंही नाही.

बर्लिनचंच पाहा. ९ नोव्हेंबरची संध्याकाळ. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की पत्रकारांपुढे बसले होते. परदेश प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्यांच्या हाती ऐनवेळी आला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. पत्रकारांनी विचारलं, हे लागू कधीपासून? शाबोव्स्कींनी कागद चाळला आणि सांगितलं, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, विनाविलंब. खरं तर नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचा होता आणि त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागणार होता. पण शब्द तोंडातून सुटला होता. रात्री आठच्या बातम्यांत पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीनं सीमा खुली होत असल्याचं सांगितलं आणि लोक घराबाहेर पडले.

बोर्नहोल्मर स्ट्रासे नावाच्या नाक्यावर हाराल्ड येगर हे अधिकारी ड्युटीवर होते. समोर हजारोंची गर्दी. ते वरिष्ठांना फोनवर फोन करत होते आणि धड आदेश काही मिळत नव्हता. रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी आपल्याच जबाबदारीवर फाटक उघडायला सांगितलं. २८ वर्षं उभी असलेली आणि किमान १४० माणसांचा जीव घेतलेली ती भिंत एका चुकीच्या ‘लगेच’नं उघडली.

पण एवढंच सांगून थांबलो, तर ती नुसती मजेदार गोष्ट होईल. त्या रात्री लोकांनी दगड का मारले नाहीत? कारण त्यांना सवय झाली होती. लाइपझिग शहरात दर सोमवारी निकोलाय चर्चमधल्या प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर येत होते, हातात मेणबत्त्या घेऊन. ९ ऑक्टोबरला तिथं सुमारे ७० हजार माणसं जमली. बंदोबस्त असा, की रक्तपात होणार याची साऱ्या शहराला धास्ती. त्या संध्याकाळी संगीत संचालक कुर्ट मासूर यांच्या आवाजात एक आवाहन शहरभरच्या कर्ण्यांवरून ऐकवण्यात आलं. शांत राहा, बोलूया, असा त्याचा आशय. आवाहन करणाऱ्या सहा जणांत पक्षाचेही तीन पदाधिकारी होते. गोळी सुटली नाही. महिनाभरानंतर बर्लिनच्या नाक्यावर आलेले लोक त्याच वातावरणातून आले होते.

आता प्रागकडे वळू. १७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. पन्नास वर्षांपूर्वी याच दिवशी नाझींनी नऊ विद्यार्थी नेत्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना मृत्युदंड देऊन विद्यापीठं बंद केली होती, त्याची ती आठवण होती. विद्यार्थी पोलिसांना फुलं देत होते, आमचे हात रिकामे आहेत असं ओरडून सांगत होते. पोलिसांनी त्यांना निर्दयपणे झोडपलं. आणि शहरात एक बातमी पसरली, की एक विद्यार्थी मारला गेला. रेडिओ फ्री युरोपनंही ती सांगितली. बातमी खोटी होती. तो विद्यार्थी जिवंत असल्याचं लवकरच स्पष्ट झालं. पण तोवर देश पेटून उठला होता.

पेटून उठला म्हणजे काय केलं? नाटकमंडळींनी प्रयोग बंद ठेवून रंगमंचावरून निवेदनं वाचली. लोक चौकात जमून खिशातल्या किल्ल्यांचे जुडगे वाजवू लागले. आम्ही त्यांच्यासारखे नाही, ही त्यांची घोषणा होती. २४ तारखेला पक्षाच्या नेतृत्वानं राजीनामा दिला. वर्षअखेरीस नाटककार व्हाक्लाव हॅवेल राष्ट्राध्यक्ष झाले.

श्रोतेहो, इथं मला आपल्या देशात यावं लागतं, कारण त्याच दिवसांत आपल्याकडेही विद्यार्थी मारले गेल्याची एक अफवा सुटली होती. बिहारमधल्या भागलपूर शहरात. तिथं २४ ऑक्टोबरला दंगल सुरू झाली. शहरातल्या लॉजमध्ये राहणारे हिंदू विद्यार्थी मोठ्या संख्येनं मारले गेले, अशी आवई उठली. तीही खोटी होती. पण इथं ती ऐकून लोकांनी किल्ल्या वाजवल्या नाहीत. आग खेड्यापाड्यांत पसरली आणि नोव्हेंबरातही धुमसत राहिली. सुमारे १,००० माणसं मारली गेली, त्यांत मोठा भाग मुसलमानांचा होता. लोगाईं गावात ११६ जणांना मारून पुरलं आणि वर फुलकोबी लावली. डिसेंबरात ते उघडकीला आलं. म्हणजे बर्लिनमध्ये लोक भिंतीवर चढून नाचत होते, त्या महिन्यात लोगाईंच्या शेतात कोबी वाढत होती. २००७ साली या हत्याकांडाबद्दल १४ जणांना जन्मठेप झाली.

दंगल केवळ अफवेनं झाली, असं मी म्हणणार नाही. मिरवणुका होत्या, निवडणुकीचं राजकारण होतं, पोलिसांचं वागणं होतं. पण अफवेला जमीन लागते. प्रागमध्ये ‘आपला एक मुलगा गेला’ एवढंच ऐकलं गेलं. भागलपुरात ‘त्यांनी आपली मुलं मारली’ असं ऐकलं गेलं. फरक बातमीत कमी आणि कानात जास्त होता. तिथंही शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारी माणसं होतीच. त्यांनीही तीच अफवा ऐकली होती.

आणि कधी शब्द मुद्दामच सोडला जातो. त्याच नोव्हेंबरात मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये लष्कराच्या ताब्यातल्या रेडिओवरून विद्यापीठाचे कुलगुरू इग्नासिओ एयाकुरिया यांच्याविरुद्ध धमक्या ऐकवल्या जात होत्या. यादवी युद्ध चर्चेनं मिटवा, हे त्यांचं म्हणणं. १६ तारखेच्या पहाटे सैनिकांनी त्यांना, पाच सहकारी धर्मगुरूंना, स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या कोवळ्या मुलीला ठार केलं. त्याबद्दल एका माजी कर्नलला स्पेनच्या न्यायालयात शिक्षा झाली ती २०२० साली, ३१ वर्षांनी.

आकाशवाणीच्या याच माध्यमातून बोलताना हे सांगणं मला गरजेचं वाटतं. कर्णा तोच, रेडिओ तोच. लाइपझिगमध्ये त्यातून सलोख्याचं आवाहन झालं, सान साल्वाडोरमध्ये मरणाची धमकी.

आज प्रत्येकाच्या खिशात असा एक कर्णा आहे. रात्री-अपरात्री त्यावर निरोप येतो, की अमक्या गावात तमक्यांनी असं केलं. तो खरा की खोटा, हे त्या क्षणी आपल्याला कळेलच असं नाही. मात्र तो पुढे धाडायचा की नाही, आणि ऐकल्यावर शेजाऱ्याचं दार ठोठवायचं ते कशासाठी, हे आपल्याला ठरवता येतं. ते ऐनवेळी ठरत नाही. लाइपझिगच्या लोकांनी त्याची सवय सोमवारमागून सोमवार लावून घेतली होती. आपणही शेजारच्या घराशी बोलणं-चालणं, येणं-जाणं चालू ठेवावं. मग वाईट बातमी कानावर आली, तर निदान विचारायला एक ओळखीचं दार असेल.